तरीवर बोललेलं वाक्य

मार्च लागला की माझ्या वर्गातल्या मुली आपोआप गप्प होऊ लागतात. फेब्रुवारीपर्यंत ज्यांना गप्प करता करता माझा घसा बसतो, त्याच मुली आता नुसते ओठ हलवत बसतात. सनावळ्या, नद्या, कविता, सगळं ओठांच्या आत चाललेलं असतं. खिडकीबाहेर पोफळीच्या वाडीत रहाट कुरकुरत असतो आणि पाटातून पाणी जाताना ऐकू येतं. इतकी शांतता कुठल्याही मास्तरणीला आवडावी. मला ती सोसत नाही. मी उगाच फळा पुसते, एखादीला उभी करून काहीतरी विचारते.

चौलला एका वाडीतल्या घरात मी खोली घेऊन राहते. एकटीच. या दिवसांत ओसरीच्या आढ्याला पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या टांगलेल्या असतात आणि शाळेतून आलं की पहिल्यांदा त्यांचा वास भेटतो. घरमालकीणबाई भल्या आहेत. रोज विचारतात, "बाई, आज काय विशेष?" मी म्हणते, "काही नाही, नेहमीचंच." शाळेबाहेरचं माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच.

याच दिवसांत आमचा उपासकाळ येतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढला जातो, तिथपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस. परीक्षा आणि उपास दरवर्षी बरोबरीनेच येतात, आणि दरवर्षी मला चौदा वर्षांची करून सोडतात.

माझं गाव खाडीच्या पलीकडे, रेवदंड्याच्या समोर. डोंगरावर पडका किल्ला, खाली आमची ख्रिस्ती वस्ती. घरात आमची पोर्तुगीज वळणाची बोली, खाडी ओलांडायच्या तरीवर, म्हणजे होडीवर, आणि शाळेत मराठी, आणि चर्चमध्ये लॅटिन. आता मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, मराठीत होते. तेव्हा सगळं लॅटिनमध्ये चालायचं आणि फक्त प्रवचन मराठीत असायचं. त्यामुळे देव काय म्हणतो ते आम्हाला कळायचं नाही, फादर काय म्हणतात ते मात्र नीट कळायचं.

स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. त्या वर्षीच्या उपासकाळात आमच्या फादरांनी दर शुक्रवारी एकच विषय धरला होता, जीभ. फादर वसईकडचे, वयस्कर, दम्याने बेजार. दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घ्यायचे, म्हणून त्यांचं प्रत्येक वाक्य वेगळं लक्षात राहायचं. एकदा म्हणाले, "घरात पाव नसला तर शेजारी देईल. पण शेजाऱ्याचं नाव तुम्ही घालवलंत, तर ते कुणाच्या घरून मागून आणाल?" एकदा बढाईबद्दल बोलले. म्हणाले, "दुसऱ्याने वाढलेलं ताट हातात घेऊन, बघा मी काय रांधलंय, असं सांगत गावभर फिरणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. रोज आरशात पाहतो." बायका हसल्या. मग म्हणाले, "बोलायच्या आधी तीनदा आवंढा गिळा. तिसऱ्या आवंढ्यालाही बोलावंसं वाटलं, तरच बोला."

हे कुणी खरंच करेल असं फादरांनाही वाटलं नसेल. फिलू करायला लागली.

फिलू म्हणजे फिलोमेना, माझी मैत्रीण. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर तरीने खाडी ओलांडून रेवदंड्याला जावं लागे, आणि गावातून तशा जाणाऱ्या मुली आम्ही दोघीच. फिलू काळीसावळी, लांब हातांची, डावखुरी. लिहिताना तिचा हात शाईवरून फिरायचा आणि वहीचं पान निळं व्हायचं. माझं अक्षर मोत्यासारखं. मला कविता पाठ, मला बोलायला आवडायचं, पाहुण्यांसमोर शाळेत नेहमी मलाच उभं करायचे. फिलूला कुणी उभं करत नसे. पण गणित तिला यायचं. नुसतं यायचं नाही, ती गणितात शिरून आतून दार उघडायची.

मला गणित अजिबात सुटायचं नाही. दोन नळांनी हौद भरतो, तिसऱ्या नळाने रिकामा होतो, हे वाचलं की माझ्या डोक्यात पाणी व्हायचं. फिलू म्हणायची, "हौद विसर, आग्नेस. समज, तुझी आई आणि माझी आई ओसरीवर वाल सोलतायत. तुझी आई भरभर सोलते, माझी सावकाश. आणि तू मध्ये बसून सोललेले वाल खातेस. आता सांग, टोपली कधी भरेल?" मला हसू यायचं, आणि हसता हसता उत्तर यायचं. सगळा हिवाळा तिने मला तरीवर असं शिकवलं. जाताना दोन गणितं, येताना दोन.

फिलूचे वडील पास्कूकाका होड्या बांधणारे सुतार. कामाला ते रेवदंड्यालाच जायचे, पुष्कळदा आमच्याच तरीने. पोरीला खाडीपार शाळेत धाडलं म्हणून भावांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. कुणी विचारलं, "पास्कू, पोरीला बालिस्टर करतोस काय?" तर ते म्हणायचे, "व्हय, करतो." माझे बाबा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारे. त्यामुळे बाप पोरीची बाजू घेतो म्हणजे काय, ते मी पास्कूकाकांकडेच पाहत होते. आम्हा दोघींना सातवीच्या फायनलला बसायचं होतं. फायनल पास झालं की मास्तरीण होता येतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. दोघींनी एकाच शाळेत नोकरी करायची, हेही ठरलं होतं.

एके दिवशी फिलूला ताप होता आणि मी एकटीच तरीवर चढले. मुरूडकडून आलेले दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, त्याच तरीने रेवदंड्याला निघाले होते. काळी टोपी, मांडीवर छत्री. तरीवर मासे विकायला निघालेल्या बायका होत्या, दोनतीन पुरुष होते. साहेबांनी माझं दप्तर पाहिलं.

"कितवीत गं?"

"सातवीत. फायनलला बसणार."

"गणित कसं आहे?"

"चांगलं आहे."

त्यांनी हसत हसत हौदाचंच गणित घातलं. मी मनात वाल सोलले आणि उत्तर दिलं. बरोबर आलं. साहेबांनी छत्रीची मूठ फळीवर आपटली. "शाबास! कोळणींनो, ऐकलंत का? तुमच्या तरीवर केवढी हुशार मुलगी आहे! कुणी शिकवलं गं तुला?"

तरीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. ते शाबास माझ्या अंगभर फिरत होतं, तापलेल्या दुधासारखं. एक नाव घ्यायचं होतं, दोन अक्षरांचं.

मी म्हणाले, "कुणी नाही. माझं मीच शिकले." आणि तेवढ्यावर थांबले नाही. "आमच्या गावची दुसरी मुलगी आहे ना, फिलोमेना, तिलाही मीच शिकवते. तिला येत नाही. माझ्या वहीत बघून लिहिते."

पुढे नाळेवर, तरीच्या टोकाला, पास्कूकाका बसले होते, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते मला दिसले नव्हते. दिसले होते. ते माझ्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत होते आणि मला वाटलं, त्यांना ऐकू जात नसेल. खरं तर तेही वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं. बढाई मारताना माणसाला दुसरी माणसं दिसतात, पण ती नुसती टाळ्या वाजवायला बसलेली दिसतात.

फिलूचा ताप उतरला, पण ती तरीवर आली नाही. चार दिवसांनी मी तिच्या घरी गेले. तिची आई दारातच म्हणाली, "ती आता येणार न्हाय शाळंला. तिच्या बापाने नको म्हटलंय." आत फिलू सुपात काहीतरी निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ बघत राहिली. मला वाटतं ती वाट बघत होती. मी म्हणाले, "बरी हो लवकर," आणि निघून आले.

मग तरीवर मी एकटी. कोळणी विचारायच्या, "जोडीदारीण कुठं हाय गं?" मी सांगायची, "तिला बरं नाही." एका खोट्याला रोज एक नवं खोटं खायला घालत होते. डोंगरउतारावर काजूची बोंडं पिकली होती, सुरंगीला कळ्या आल्या होत्या, घरोघर वालाच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. ते सगळे वास मला आजही एकटेपणाचेच वास वाटतात. मी वही उघडायची आणि गणित तसंच माझ्याकडे बघत बसायचं.

ईस्टरच्या आधी कुमसाराला, म्हणजे फादरांकडे पापं सांगायला जायचं असतं. मी जाळीच्या अलीकडे गुडघे टेकून भरभर म्हटलं, "आईला उलट बोलले. दोनदा प्रार्थना चुकवली. खोटं बोलले."

फादरांचा श्वास ऐकू येत होता. "खोटं कुणाबद्दल?"

मी सांगितलं. रडत रडत सगळं सांगितलं.

त्यांनी मला रडून घेऊ दिलं. मग म्हणाले, "प्रार्थना म्हण. पण ती देवासाठी आहे, त्या मुलीला तिचा उपयोग नाही. तू तिच्या बापाकडे जा आणि खरं सांग. परीक्षेच्या आधी."

"हो फादर."

परीक्षा ईस्टरनंतरच्या आठवड्यात होती. मधे पंधरा दिवस होते. प्रार्थना मी त्याच दिवशी म्हणून टाकली, दोनदा. पास्कूकाकांकडे मात्र उद्या जाऊ, परवा जाऊ असं करत राहिले. काका रागावतील याची मला भीती नव्हती. भीती होती ती वेगळीच. काका शाळेत सांगतील, मास्तर दिपोटींना सांगतील, आणि ते शाबास माझ्याकडून काढून घेतलं जाईल. एवढ्यासाठी. तेवढ्या एका शब्दासाठी मी पंधरा दिवस रोज त्यांच्या दारावरून गेले आणि थांबले नाही.

परीक्षा अलिबागला. फिलूचा अर्ज आधीच भरलेला होता, तिचा नंबर आलेला होता. माझ्या पुढचा बाक तिचा. बाकावर खडूने नंबर लिहिलेला आणि बाक रिकामा. तीन दिवस मी त्या रिकाम्या बाकाच्या पाठीकडे बघत पेपर लिहिले. गणिताच्या पेपरात हौदाचं गणित होतं. मला ते आलं.

परीक्षा संपली त्या दिवशी मी थेट पास्कूकाकांच्या कामावर गेले. वाळूवर अर्धी बांधलेली होडी होती, काका फळीला रंधा मारत होते.

"काका, त्या दिवशी तरीवर मी खोटं बोलले. फिलू माझ्या वहीत बघत नव्हती. तिनेच मला शिकवलं. सगळं गणित तिनेच."

रंधा थांबला. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. फळीवरून हात फिरवत म्हणाले, "मी घरी जाऊन तिला विचारलं. म्हटलं, आग्नेस बोलली ते खरं हाय का खोटं हाय? एकदा विचारलं, दोनदा विचारलं. नुसती आवंढं गिळत बसली. येक शब्द बोलली न्हाय. मला वाटलं, पोरगी लाजली. म्हंजी खरंच असंल. मी भावांशी भांडून तिला धाडली, आन् ही लोकांच्या वहीत बघती..."

"काका, पुढच्या वर्षी बसवा तिला. मी शाळेत सांगते."

"शब्द दिलाय, पोरी. मुंबईचं स्थळ हाय, गोदीत कामाला. पावसाच्या आधी लगीन."

"पण काका..."

"शब्द दिलाय." मग रंधा पुन्हा उचलत म्हणाले, "तू आलीस, बोललीस, ते बरं केलंस."

मारलं असतं तर बरं झालं असतं.

फिलू मला विहिरीवर भेटली. मी म्हणाले, "का नाही सांगितलंस बाबांना? तीनदा आवंढा गिळायला सांगितला होता फादरांनी, मग बोलायला सांगितलं होतं!"

ती कळशी भरत राहिली. "काय सांगू? तू खोटारडी आहेस, असं सांगू? बाबांनी अख्ख्या गावाला ऐकवलं असतं."

"पण तुझी परीक्षा गेली ना!"

"तेव्हा मला कुठे माहीत होतं जाईल म्हणून?" फिलू म्हणाली. "मला वाटलं, दोनचार दिवसांत तू सांगशील."

तिने कळशी डोक्यावर घेतली आणि गेली. आवाज चढला नव्हता, डोळे भरले नव्हते. मला वाटलं, दोनचार दिवसांत तू सांगशील. एवढंच.

मे महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती बोटीने मुंबईला गेली. जूनमध्ये निकाल लागला. केंद्रात मी पहिली. रविवारी फादरांनी चर्चमध्ये माझं नाव वाचलं. कुमसारात ऐकलेलं फादर बाहेर कधीच बोलू शकत नाहीत, तसा नियमच आहे. त्यांनी माझं नाव वाचलं, श्वास घेतला, आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत. लोकांना वाटलं दम लागला. त्या दिवशी चर्चमधून बाहेर पडताना प्रत्येकाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि प्रत्येक हात मला जड झाला.

पुढे मी मास्तरीण झाले. आई गेली, बाबाही गेले. फादर गेले तेव्हा मी अलिबागला होते, मातीला पोचू शकले नाही. त्यांची ती शुक्रवारची प्रवचनं मी पुष्कळदा मनात उलटीपालटी करून पाहिली. माझ्यासारख्या बडबडीने ती ऐकायला हवी होती, तर ती ऐकली फिलूने. जिने बोलायला हवं होतं ती गप्प राहिली, आणि जिने गप्प राहायला हवं होतं ती बोलली. फादर चुकले असं मी म्हणणार नाही. पण मी माझ्या मुलींना कमी बोला असं कधी सांगत नाही. दुसरीने सांगितलेलं उत्तर असेल तर तिचं नाव घ्या, एवढं सांगते. आणि कुणी तुमच्याबद्दल खोटं बोललं तर उभं राहून खोटं आहे म्हणा, त्यात गर्व नाही. मुली माना डोलावतात. त्यांना वाटतं, बाईंचं हे नेहमीचंच.

मी स्वतः मात्र त्या वर्षानंतर तोलून बोलायला लागले. इतकं तोलायला लागले की शब्द तागडीतच राहायचे. शाळेत माझं कौतुक झालं की मी विषय बदलते. कुणी घरी बोलावलं तर जाते, ऐकते, परत येते. दोन स्थळं आली होती, दोन्ही वेळा बोलायची वेळ आली तेव्हा मी बोलले नाही. मागे लोक म्हणतात, आग्नेसबाई किती नम्र आहेत. माझ्या कानावर येतं. त्या एका शब्दाइतकं मला दुसरं काही टोचत नाही.

गेल्या वर्षी गावच्या सणाला फिलू आली होती. येणं क्वचितच व्हायचं तिचं, आणि आली की गर्दीत दोन शब्द. या वेळी चौलला माझ्या खोलीवर आली, बरोबर तिची मुलगी लुसी, बारा वर्षांची. फिलू जाड झाली होती, केसांत एकदोन पांढरे दिसत होते. मी "ये गं फिलू" म्हटलं. ती म्हणाली, "कशा आहात, टीचर?"

मला क्षणभर कळलंच नाही ती कुणाला विचारतेय.

लुसी चुणचुणीत होती. मुंबईची मुलगी, न लाजता बोलणारी. "मी वर्गात पहिली येते, टीचर. मॅथ्समध्ये तर नेहमीच. पप्पा म्हणतात, माझ्यावर गेलीय. आईला काही नाही येत. ती सातवीसुद्धा पास नाही."

फिलू हसली. खरंखुरं हसली, आई मुलीकडे बघून हसते तशी. आणि मला राहवलं नाही. मी लुसीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. वाल सोलणाऱ्या दोन आया, तरीवरचे साहेब, त्यांनी विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर, पंधरा दिवस, रिकामा बाक. म्हणाले, "मी पहिली आले ते तुझ्या आईच्या गणितावर. तुला गणित येतं ते तुझ्या आईचं आहे. आणि तिची सातवी राहिली ती माझ्यामुळे."

 त्या परीक्षेनंतरच्या चौदा वर्षांत मी एका दमात इतकं बोलले नव्हते.

लुसी आईकडे वळली. "खरंच आई?"

फिलू उठून पदर सारखा करत होती. "छे गं," ती म्हणाली. "टीचरांचं मन मोठं आहे. मला कुठलं यायला गणित! लहानपणीच्या गोष्टी, कोण लक्षात ठेवतं?"

"फिलू, सांग ना तिला," मी म्हणाले. "तू तरी सांग."

"येते हं, टीचर. बोट चुकेल."

लुसी माझ्याकडे बघत होती. ज्या नजरेने तिने आईकडे बघायला हवं होतं, त्याच नजरेने. डोळे चमकत होते. तिने वाकून माझा आशीर्वाद घेतला आणि दोघी वाडीतल्या पायवाटेने निघाल्या. पोफळींमधून लुसीचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"आई, टीचर किती नम्र आहेत ना?"

"हो," फिलू म्हणाली. "पहिल्यापासूनच."

मी ओसरीवर उभी होते. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण हाक मारून आता काय सांगणार? खरं होतं तेवढं सगळं माझं सांगून झालं होतं.